धावायचंय... पण कशासाठी?

दिवाळीचा फराळ संपतो, पहाटे पंखा एकवर येतो आणि शहरात दरवर्षीची साथ पसरते. धावण्याची! परवापर्यंत कॅन्टीनमध्ये मिसळीच्या तर्रीवर तावातावाने बोलणारी मंडळी अचानक बुटांच्या सोलवर बोलायला लागतात. ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी साडेसहाला कोणाचा तरी घामाघूम सेल्फी येऊन पडतो. खाली अठरा टाळ्या, चार अंगठे आणि एचआरकडून एक फुगा. लिफ्टमध्ये भेटलेला माणूस 'गुड मॉर्निंग' म्हणायच्या ऐवजी मनगटावरचं घड्याळ पुढे करतो. 'बघ, काल पाच के!' पूर्वी 'के' म्हटलं की पगार आठवायचा. आता किलोमीटर.

सीझनच आहे तो. डिसेंबर-जानेवारी म्हणजे मोठ्या शर्यतींचे दिवस. पुण्याची इंटरनॅशनल मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली. आता तर तालुक्याच्या गावातही एखाद्या रविवारी टी-शर्ट वाटपाचा मांडव दिसतो.

या साथीची लक्षणंही ठरलेली. पहिल्या आठवड्यात बूट. दुसऱ्या आठवड्यात अॅप. तिसऱ्या आठवड्यात गुडघा. आणि चौथ्या आठवड्यात, 'अगं, सध्या ऑफिसमध्ये काय लोड आहे म्हणून सांगू!' होळीपर्यंत ते बूट भाजी आणायला जायच्या कामाला लागलेले असतात.

हे इतक्या जणांचं होताना बघितलंय, की आता कोणी 'मी धावायला सुरुवात करतोय' म्हटलं की मी बुटांचा ब्रॅण्ड विचारत नाही. एकच विचारते, 'कशासाठी?'

आणि ठरलेलं उत्तर येतं, 'अगं, फिट राहायला!'

आता हे उत्तर खोटं नाही. पण 'कसं काय?' विचारल्यावर आपण 'मजेत' म्हणतो ना, त्यातलं ते आहे. ऐकणाऱ्यालाही काही कळत नाही आणि सांगणाऱ्यालाही. पहाटे पावणेसहाला गजर वाजतो. बाहेर मिट्ट काळोख, पांघरूण मस्त उबदार, शेजारी फोन. अशा वेळी 'फिट राहायला' हे दोन शब्द तुम्हाला गादीवरून उठवतील? छे! ते शब्द स्वतःच कूस बदलून झोपतात.

कारण उसनं, बूट हप्त्यावर

बहुतेक नवख्यांचं कारण दुसऱ्याकडून आणलेलं असतं. टीममधले सगळे ड्रीम रनला जातायत, मग आपणही. कॉलेजचं रीयुनियन आहे. लग्न ठरलंय, फोटो निघणार आहेत. साहेब स्वतः हाफ मॅरेथॉनवाले आहेत आणि अप्रेझल तोंडावर आलंय. यात वाईट काहीच नाही. सुरुवात करून द्यायला अशी कारणं झकास असतात. पण त्यांचं बक्षीस दुसऱ्याच्या हातात असतं, आणि ते मिळतंही उशिरा.

एडवर्ड डेसी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे आठवतो. त्याने कॉलेजच्या मुलांना ठोकळ्यांचं एक कोडं खेळायला दिलं. मुलं आपली रमून खेळत होती. मग त्यातल्या काहींना सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे पैसे द्यायला सुरुवात केली. नंतर पैसे बंद केले, आणि मोकळ्या वेळात कोण त्या ठोकळ्यांना हात लावतं ते बघितलं. ज्यांना पैसे मिळाले होते, त्यांचाच रस कमी झाला होता! ज्यांना कधी काहीच मिळालं नव्हतं, त्यांचं आपलं पूर्वीसारखंच चाललं होतं. डेसी आणि त्याचा सहकारी रिचर्ड रायन यांनी पुढे यावर अख्खी थिअरी उभी केली. आपल्या भाषेत सांगायचं तर, जे आपल्याला आतून करावंसं वाटतं त्याला बाहेरून ढकलावं लागत नाही. आणि जे बाहेरून ढकलल्यामुळे चाललंय, ते ढकलणारा थांबला की थांबतं.

आता त्या सेल्फीखालच्या अठरा टाळ्या आठवा. पाचव्या सेल्फीला त्या अकरा होतात. दहाव्याला तीन, त्यातली एक आत्याची. टाळ्यांवर धावणाऱ्याचं इंधन तिथेच संपतं.

वजनाचं कारणही असंच दगा देतं. म्हणजे कारण चांगलं आहे हो, पण हिशेब बघा. एक किलोमीटर धावलं की आपल्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च होते. म्हणजे ७० किलोचा माणूस ३ किलोमीटर धावला की जेमतेम २१०. बऱ्यापैकी आकाराच्या एका वडापावात त्याहून जास्त भरतात! येताना कोपऱ्यावरच्या गाडीपाशी पाय थबकले, तर तुम्ही धावून वजन वाढवून आलात. धावण्याने हृदयाला फायदा होतो, झोप सुधारते, मूड सुधारतो, हे सगळं खरं. पण वजनकाटा फार संथ चालतो. रोज सकाळी त्याच्यावर उभं राहून शाबासकी मागणारा माणूस पंधराव्या दिवशी वैतागतो आणि वैतागलेला माणूस बूट घालत नाही.

त्यांनी का सुरुवात केली?

धावण्यात नाव कमावलेली माणसं कशासाठी धावायला लागली, हे शोधायचा मला नाद आहे. आणि गंमत अशी, की ही कारणं फार साधी निघतात. कधीकधी पोटात कालवणारीही.

फौजासिंग यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पंजाबात जालंधरजवळच्या ब्यास पिंडचे शेतकरी. आधी पत्नी गेली, मग १९९४ मध्ये तरुण मुलगा अपघातात गेला. दुःखाने खचलेले फौजासिंग इंग्लंडमध्ये दुसऱ्या मुलाकडे राहत होते, तिथे ते धावण्याकडे वळले. विक्रम वगैरे डोक्यातही नव्हतं. घरात बसून राहिलं की दुःख खायला उठायचं, म्हणून बाहेर. पहिली मॅरेथॉन केली २००० साली, लंडनला, वयाच्या ८९व्या वर्षी. २०११ मध्ये टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली तेव्हा ते शंभर वर्षांचे होते. जन्मदाखला नसल्यामुळे गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली नाही, तर नाही. २०२५ च्या जुलैत गावाकडे रस्त्यावरच्या अपघातात ते गेले, तेव्हा वय सांगितलं गेलं ११४.

जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामीचं कारण तर आपल्या क्युबिकलमधलं वाटावं असं आहे. आपला जॅझ क्लब विकून तो पूर्णवेळ लेखक झाला. म्हणजे दिवसभर खुर्चीत. दिवसाला साठेक सिगारेटी आणि वाढणारं वजन. असं चाललं तर लिहायला शरीरच उरणार नाही, हे लक्षात आल्यावर १९८२ मध्ये, ३३ व्या वर्षी, तो धावायला लागला. त्याला मॅरेथॉन नको होती, खुर्चीतलं काम पुढची तीस वर्षं करता यायला हवं होतं.

आणि 'काउच टू फाइव्ह के' माहितीय ना? जगभरातले नवखे ज्या नऊ आठवड्यांच्या प्रोग्रॅमवर धावायला शिकतात, तो? तो १९९६ मध्ये जॉश क्लार्क नावाच्या एका पंचविशीतल्या अमेरिकन मुलाने बनवला. ना तो कोच होता, ना डॉक्टर. एका वाईट ब्रेकअपनंतर तो धावायला लागला, सुरुवातीला धाप, वेदना, सगळं सोसलं आणि मग त्याला धावणं आवडायला लागलं. आता आपल्या पन्नाशीतल्या आईलाही हे जमावं, पण तिला आपल्यासारखा त्रास होऊ नये, म्हणून त्याने हळूहळू वाढत जाणारा तक्ता तयार केला. एक प्रेमभंग आणि एक आई. एवढ्या भांडवलावर अख्ख्या जगाला पळवलं पठ्ठ्याने!

आता आपल्या बारामतीच्या लताबाई करे. साठी उलटलेली, मोलमजुरी करणारी बाई. नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे नव्हते, म्हणून नऊवारी लुगड्यात, अनवाणी पायांनी तिथल्या स्थानिक मॅरेथॉनमधल्या ज्येष्ठांच्या शर्यतीत धावल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्यावर पुढे 'लता भगवान करे' हा सिनेमा आला, त्याला ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेखही मिळाला. त्यांचा तो धावतानाचा फोटो अनेकांच्या मोबाइलमध्ये 'मंडे मोटिव्हेशन' म्हणून फिरत असतो.

मला तो फोटो असा फिरलेला बघून कसंसंच होतं. त्या बाईकडे दुसरा इलाजच नव्हता. तिची गरज आपल्या मंडेसाठी वापरायची? बरं, ती वापरून होतही काही नाही. फोटो बघून अंगावर काटा येतो, आपण तो पुढच्या ग्रुपवर ढकलतो आणि पांघरूण डोक्यावर घेतो. कारण दुसऱ्याचं कारण कितीही थोर असलं तरी ते त्याचं असतं. ते आपल्या गादीपर्यंत येत नाही.

सांगायला लाज वाटते? मग ते खरं असेल

म्हणूनच 'कशासाठी?' हा प्रश्न मी एकदा विचारून सोडत नाही. 'फिट राहायला' झालं की पुन्हा विचारते. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस जरा गप्प होतो, इकडेतिकडे बघतो आणि मग जे बोलतो ना, ते ऐकण्यासारखं असतं.

एक सहकारी आहे, चौतिशीतला. जगासाठी त्याचं कारण 'स्टॅमिना'. चहाच्या टपरीवर खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, 'पोरगी सायकल शिकतेय. सीट धरून मागे धावावं लागतं. तिसऱ्या खांबाला मला धाप लागते आणि मी सीट सोडतो. तिला वाटतं, बाबांनी मुद्दाम सोडली. आता चालवता येते मला!' त्याच्या वडिलांची छप्पन्नाव्या वर्षी अँजिओप्लास्टी झालीय, हे त्याने नंतर, कप ठेवता ठेवता सांगितलं.

ठाण्याची एक मैत्रीण. दोन खोल्या, सहा माणसं, धाकटा अडीच वर्षांचा. ती तलावपाळीला फेऱ्या मारते. वेग विचारला तर हसते. 'पस्तीस मिनिटं मला कोणी "अगं, ऐक ना" म्हणत नाही. बास!' तिचं लॉजिक तर ऐका. सकाळी उठून ती नुसती तलावाकाठी बसायला गेली असती तर घरात भुवया उंचावल्या असत्या. मैत्रिणीला भेटायला गेली असती तर 'भटकणं' झालं असतं. पण व्यायाम म्हटलं की सासूबाईसुद्धा गजर लावून देतात. सुरुवातीला लोक माना वळवून बघायचे. तिने वेळ बदलली नाही, दिशा बदलली. सकाळी चालायला येणाऱ्या आजी-आजोबांच्या घोळक्याच्या बाजूने धावायला लागली. आता एखाद्या दिवशी दिसली नाही, तर तेच विचारतात, 'काल कुठे होतीस गं?'

तिसरा आमच्या बिल्डिंगमधला. साखरपुडा झाला आणि मोडला. रात्री साडेअकरा ते एक ही त्याची वाईट वेळ. तिचं प्रोफाइल उघडायचं, बंद करायचं, पुन्हा उघडायचं. 'पहाटे टेकडीवर जायचं असलं ना, की साडेदहालाच डोळे मिटतात. साडेअकरा वाजतात ते मला कळतच नाही.' त्याला पहाटेशी देणंघेणं नाही. त्याला ती रात्र टाळायचीय. आणि हे कारण, खरं सांगते, कुठल्याही मेडलपेक्षा दणकट आहे.

माझं? सांगते. आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. काही वर्षांपूर्वी घरातलं एक लग्न झाल्यावर सगळे दर्शनाला गेलो. आई तेव्हा अठ्ठावन्नची. गडाच्या पायथ्याशी गाडीतून उतरलो आणि आईने पिशवीतून घडी केलेली सतरंजी काढली. 'तुम्ही जाऊन या. मी इथूनच हात जोडते.' तिने ती सतरंजी घरून आणली होती. म्हणजे तिचं आधीच ठरलं होतं. वर जाताना मी मागे मोजत गेले. आधी आईने गच्चीवर वाळवण घालणं बंद केलं. मग स्टेशनचा पूल नको म्हणून मंडईत जाणं सोडलं. मग मावशीचा तिसरा मजला. आणि आता देव. तक्रार एकदाही नाही. आमच्याकडच्या बायका जग असं एकेक पायरीने सोडत जातात, आणि आपण म्हणतो, 'वय झालं.' अठ्ठावन्न हे वय होतं?

मी त्या पायऱ्यांसाठी धावते. माझा वेग सांगण्यासारखा नाही आणि माझ्या कारणाला मेडल नाही. पण गजर वाजला की मला ती सतरंजी दिसते.

ही सगळी कारणं नीट बघा. एक तर ती कोणाला दाखवायची नाहीत. आणि दुसरं, जवळजवळ प्रत्येकाचा मोबदला त्याच दिवशी हातात पडतो. मैत्रिणीला पस्तीस मिनिटं आजच मिळतात. बिल्डिंगमधल्याला झोप आज रात्रीच लागते. सहकाऱ्याला आज एक खांब पुढे जाता येतं. मलासुद्धा ऑफिसचे चार मजले आजच चढता येतात. तुमचं कारण या दोन कसोट्यांवर घासून बघा. कोणी बघत नसेल तरी ते टिकतं का? आणि आजच्या आज काही देतं का?

कारण टिकवायचं तर पाय टिकवा

आता इतकं छान, खरं कारण सापडलं आणि पहिल्याच दिवशी तुम्ही बस पकडल्यासारखे सुसाट सुटलात, तर? तर तिसऱ्या आठवड्यात गुडघा, हे वर सांगितलंच. नवख्यांचं कारण संपण्याआधी बऱ्याचदा त्यांची नडगी ठणकायला लागते.

त्यामागचं गुपित असं. हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात. दोन-तीन आठवड्यांत धाप कमी लागते, आपल्याला वाटतं, 'चला, जमलं!' पण स्नायूबंध आणि हाडं त्यांच्या संथ चालीने मजबूत होतात, त्यांना काही महिने लागतात. म्हणजे इंजिन नवीन आणि चाकं जुनी. त्या उत्साहाच्या काळातच दुखापती होतात.

म्हणून त्या क्लार्कचा पहिला आठवडा बघा. आधी पाच मिनिटं झपझप चालणं. मग ६० सेकंद हळू धावणं, ९० सेकंद चालणं, असं आलटून-पालटून २० मिनिटं. आठवड्यातून फक्त तीन दिवस. झालं! नऊ आठवड्यांनी सलग अर्धा तास किंवा ५ किलोमीटर. मधे चालणं म्हणजे हरणं नव्हे, तो प्रोग्रॅमचाच भाग आहे. वेग किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच. एकटे असाल तर ऑफिसमधल्या एखाद्या माणसाला मनातलं ऐकवा, मोठ्याने. वाक्य मधेच तुटलं, तर वेग कमी करा. (आजूबाजूला तोच माणूस धावत नाही ना, एवढं बघून घ्या.)

गुडघ्यांचं भय घालणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना सांगा, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या आणि खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण सुमारे ३.५ टक्के आढळलं आणि बैठ्या माणसांमध्ये १० टक्क्यांच्या आसपास. स्पर्धेत जिवाच्या आकांताने धावणाऱ्यांचं प्रमाण मात्र बैठ्यांपेक्षाही जास्त होतं. मुळात सांधे चांगले असणारेच धावत राहतात, हेही त्यात असू शकतं. पण हौसेने, बेताने धावलं की गुडघे झिजतातच, हे काही खरं नाही.

बाकी सूचना थोडक्यात. छातीत दुखत असेल, बीपी-शुगर असेल, घरात कमी वयात हृदयविकाराची हिस्टरी असेल, किंवा चाळिशी ओलांडेपर्यंत तुम्ही कधीच काही केलं नसेल, तर आधी डॉक्टर, मग बूट. बूट पायाला आरामात बसणारे हवेत, महागातले हवेत असं नाही. जागा घराजवळची. दादरकरांना शिवाजी पार्क आहे, पुण्यात तळजाई आणि वेताळ टेकडी, कोल्हापुरात रंकाळा. नसेल यातलं काही, तर सोसायटीतल्या वॉचमनच्या केबिनपासून जनरेटरपर्यंत धावा. पाय पत्ता विचारत नाहीत.

आणि एखादा दिवस चुकला तर? चुकू दे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर सवयींचा अभ्यास केला होता, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. म्हणजे 'एकवीस दिवसांत सवय' वगैरे फंडे विसरा. महत्त्वाचं म्हणजे, मधे एखादा दिवस चुकल्याने विशेष काही बिघडलं नाही. आणि बघा ना, क्लार्कचे नऊ आठवडे म्हणजे ६३ दिवस. एवढे दिवस कसेबसे रेटायचे, मग पाय आपणहून दाराकडे वळायला लागतात.

कारण बदललं तर बदलू द्या

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर घाबरायला नको. कारण बदलतं. वर ज्याचा साखरपुडा मोडला म्हटलं ना, त्याला परवा विचारलं, 'अजून साडेअकराची भीती वाटते का रे?' तर पठ्ठ्या मला म्हणतो, 'कसले साडेअकरा?' विसरलाच होता! आता तो टेकडीवर जातो ते मोर बघायला. सहकाऱ्याची मुलगी सायकल शिकली, आता ती त्याच्या पुढे जाते आणि वळणावर थांबून म्हणते, 'बाबा, चला ना लवकर.' आता त्याला तिच्यापर्यंत पोचायचंय.

जुनं कारण संपलं म्हणजे धावणं संपलं, असं समजू नका. त्या कारणाने त्याचं काम केलं. पाहुणे दारापर्यंत सोडून रिक्षा परत जाते, तसं ते गेलं. काही आठवडे विनाकारण धावा. नवीन कारण वाटेतच कुठेतरी भेटतं. आणि नाहीच भेटलं, धावणं आपल्याला झेपत नाही, आवडत नाही, असंच ठरलं, तरी हरकत नाही. पोहा, सायकल चालवा, चाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम पुरतो, किंवा ७५ मिनिटं जोराचा. त्यात धावण्याची सक्ती कुठेच नाही. फक्त ज्या कारणासाठी निघाला होतात, ते तेवढं सोडू नका. पोरीची सायकल, आईची सतरंजी, पस्तीस मिनिटांची शांतता... या गोष्टी बुटांपेक्षा महाग असतात.

तर मंडळी, आज रात्री एक काम करा. गजर लावायच्या आधी एक कागद घ्या. फोन नको, कागद. त्यावर एका ओळीत लिहा, 'मी धावणार आहे कारण...' 'फिट राहायला' आलं तर खोडा. 'सगळे धावतायत' आलं तर खोडा. लिहिताना जिथे जरा थांबायला होईल, आजूबाजूला कोणी बघत नाही ना असं बघावंसं वाटेल, ती ओळ ठेवा. कागदाची घडी करा आणि उजव्या बुटात सारून द्या. सकाळी पाय आत घालताना तो टोचेल. काढा, वाचा, खिशात टाका आणि निघा.

एरवी मी शेवटी 'मला नक्की कळवा' असं लिहिते. या वेळी नका कळवू. मलाच काय, कोणालाच नको.